लिनिअर पॉवर सप्लायचा पंखा फार आवाज करतो, सायलेंट पंखा बसवला तर भागेल का?

नुसता पंखा बदलून भागणार नाही. आमच्या साडूंना हे सांगून माझा घसा बसलाय, आता तुम्हाला सांगतो.

तुमचा सप्लाय लिनिअर, म्हणजे जास्तीचे व्होल्ट ट्रान्झिस्टरांवर उष्णता करून जाळणारा, ३० व्होल्ट ५ अँपिअरचा, बटण दाबल्यापासून पंखा पूर्ण वेगात, आणि रात्री घरचे वैतागतात. माझ्याकडेही तसलाच डबा आहे. साडूंचा धंदा कॉम्प्युटर जुळवून विकायचा, त्यामुळे पंख्यातलं आपल्यालाच कळतं अशी त्यांची ठाम समजूत. दिवाळीत घरी आले, आवाज ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून ८० मिलिमीटरचा महागडा पंखा आणून स्वतःच बसवला. डबा एकदम गप्प! बायको खूश, मेव्हणी खूश, साडूंची कॉलर ताठ.

मी काही न बोलता मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब काढला आणि ५ व्होल्टवर लावला. बल्ब मिणमिणतो, पण जवळपास ३ अँपिअर ओढतो. साडू म्हणाले, "एवढ्याशा उजेडाला कसली आलीये उष्णता?" आता हिशोब बघा. माझ्या डब्यात ट्रान्सफॉर्मरच्या खालच्या टॅपवर (कमी व्होल्टच्या जोडणीवर) आत साधारण २० व्होल्ट असतात. बल्बला ५ मिळाले, उरलेले १५ ट्रान्झिस्टरांच्या डोक्यावर. १५ गुणिले ३, म्हणजे ४५ वॅट नुसती उष्णता. तेच ३० व्होल्टवर ३ अँपिअर घ्या, वरच्या टॅपवर आत ३८ असले तरी २४ वॅटच होतात. हीटसिंकला, म्हणजे ट्रान्झिस्टर गार ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांना, मल्टिमीटरचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावलं होतं. आकडा चढत चढत नव्वद अंशांवर आला तेव्हा मीच बंद केलं. साडूंचा निकाल: "तुमचा मीटर खोटा दाखवतोय."

मीटर खरा होता. शांत पंखा शांत असतो कारण तो हळू फिरतो. खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. समोर दाट पात्यांचा हीटसिंक आणि मागे पत्र्याला पाडलेली बारीक भोकं आली की त्यातलं फारसं उरत नाही.

उलट ५ व्होल्टवर २० मिलिअँपिअरची एलईडी तपासताना ट्रान्झिस्टरांवर जेमतेम ०.३ वॅट जळतो. त्याला पंखा कशाला हवा? पण कंपनीने पंखा थेट १२ व्होल्टला जोडून हात झटकलेत.

मी जुनाच पंखा परत बसवला. त्याच्या तारेत ५६ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर टाकला (पंखा १२ व्होल्ट ०.१५ अँपिअरचा आहे, रेझिस्टरमधून त्याला सातेक व्होल्ट मिळतात). रेझिस्टरला समांतर ४५ अंशांचा नॉर्मली ओपन थर्मोस्टॅट (गार असताना उघडा, तापला की आपोआप लागणारा स्विच), तो हीटसिंकला घट्ट आवळलेला. गार असताना पंखा संथ फिरतो, तापलं की रेझिस्टर बाजूला पडून पूर्ण वेग. थर्मोस्टॅट लागलाच नाही तरी थोडीफार हवा चालू राहते. पुण्यात असाल तर सगळा माल तापकीर गल्लीत किरकोळीत मिळतो. वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मी राहते. मागची भोकांची जाळी कापून तारेची बसवली तर शिट्टीसारखा सूरही जातो.

थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) आणि मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) लावून वेग हळूहळू वाढवताही येतो. हौस असेल तर करा, मला गरज वाटली नाही.

हो, पंख्यावरचं लेबल आधी वाचा, काही डब्यांत २४ व्होल्टचा असतो. मग माझा रेझिस्टर चालणार नाही. थंडीत पंखा रेझिस्टरमधून जागचा हलतोय का तेही बघा. हीटसिंकला बऱ्याचदा ट्रान्झिस्टरचा कलेक्टर (त्याचा एक पाय) थेट जोडलेला असतो, तेव्हा थर्मोस्टॅटचा पत्रा आणि तारा त्यापासून इन्सुलेट करा. आणि सप्लाय लिनिअर नसून स्विचिंगचा, म्हणजे मोबाइल चार्जरच्या जातीचा, असेल तर यातलं काहीच करू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात.

साडूंचा पंखा आता माझ्या सोल्डरिंगच्या टेबलावर धूर ओढतो. त्या कामाला तो खरंच उत्तम आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.