एमआरआय नॉर्मल आहे, मग भावाला आवाज कसे ऐकू येतात?

तुम्ही लिहिलंय की भावाला स्किझोफ्रेनिया आहे, डॉक्टर 'मेंदूतल्या जोडण्यांचा प्रश्न' म्हणतात, पण एमआरआय नॉर्मल आला. म्हणून घरचे म्हणतात, नाटक करतोय.

नाटक नाही. त्याला ते आवाज खरंच ऐकू येतात. माझ्या ताईला हाच आजार आहे आणि पहिली दोन वर्षं आम्हीही तिला 'कुणी बोलत नाहीये' हेच सांगत राहिलो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दवाखान्यातला नेहमीचा एमआरआय गाठ, सूज, रक्तस्राव आहे का ते बघतो. मेंदूचे भाग एकमेकांशी कसे बोलतात, हे त्यात दिसत नाही. ते संशोधकांनी वेगळ्या पद्धतींनी शोधलं. 1993 मध्ये लंडनच्या फिलिप मॅग्वायर यांच्या गटाने आवाज येत असताना रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तर तो ब्रोकाच्या भागात वाढलेला होता. हा भाग आपण स्वतः बोलतो तेव्हा कामाला लागतो! 1999 च्या एका अभ्यासात आवाज येत असताना ऐकण्याचा भागही जागा झालेला दिसला.

म्हणजे बोल आतलेच, पण ते बाहेरून आल्यासारखे का वाटतात? स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, कारण 'हे मीच करतोय' अशी आगाऊ खबर मेंदू स्वतःलाच देतो. मनातल्या बोलण्याचंही तसंच. ही खबर पोचली नाही, तर आपलाच बोल परका वाटतो, असं मेंदू-संशोधक क्रिस फ्रिथ यांचं म्हणणं. 2000 साली त्यांच्या गटाने भास होणाऱ्या रुग्णांवर स्पर्शाचा प्रयोग केला; त्यांना स्वतःचा स्पर्श दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच तीव्र वाटत होता. मला हे सगळ्यात जास्त पटतं, पण प्रत्येकाच्या आवाजांचा उलगडा एवढ्याने होतो असं नाही. शिवाय डॉक्टर म्हणतात ते जोडण्यांमधले फरक गटांच्या सरासरीत दिसतात. एका माणसाच्या स्कॅनवरून निदान होत नाही. त्यामुळे मेंदूतल्या जोडण्यांचा महागडा स्कॅन करून देतो म्हणणाऱ्याच्या मागे लागू नका.

आवाज काय म्हणतात, ते मात्र विचारा. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन यांनी कॅलिफोर्निया, घानातलं अक्रा आणि चेन्नई इथल्या, आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी 20 जणांशी बोलून बघितलं. चेन्नईतल्या बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज येत, कामं सांगणारे. आमच्या ताईला वारलेल्या आत्याचा आवाज येतो: 'गॅस बंद केलास का?' औषधं सुरू आहेतच. तरी आवाज वाढला की ती भाजी निवडताना गुणगुणते, म्हणजे तो मागे सरतो म्हणते.

पण आवाज जिवाचं बरंवाईट करायला सांगत असतील, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावा. तिथे मराठीत बोलता येतं.