४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का?

प्रश्न: २ चा ३२ वा घात काढून १ मिळवला की ४२९४९६७२९७ येते. शंभरच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितलं, एकीनेही पूर्ण भाग जात नाही. मग ही मूळ संख्या म्हणायची का? आणि अजून कुठपर्यंत भागत बसायचं?

उत्तर: नाही, मूळ नाहीये. पण खुद्द फर्मा (सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ) पण इथेच फसला होता. त्याचं म्हणणं असं की २ चा घात घ्या, घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्या आणि वर १ मिळवा, दरवेळी मूळ संख्याच येणार. ३, ५, १७, २५७, ६५५३७, इथपर्यंत एकदम बरोबर. १६४० च्या सुमारास त्याने पत्रांमधून हे कळवलं पण होतं, सिद्धता काही हाताशी नव्हती. याच्या पुढचीच संख्या तुमची ही, आणि १७३२ मधे ऑयलर या गणितज्ञाने तिचे अवयव काढून दाखवले: ६४१ × ६७००४१७.

आता कुठपर्यंत भागायचं, तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे इथे ६५५३६. त्याच्या आत ६५४२ मूळ संख्या आहेत, हाताने करायचं म्हटलं तर वाटच लागेल. पण ऑयलरनेच पुढे सिद्ध केलं की असल्या संख्येचे अवयव वाटेल ते असू शकत नाहीत, हिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागलं की बाकी १ च उरते. म्हणजे ६५, १२९, १९३ अशी ६४-६४ ची उडी मारत जायचं, त्यातल्या मूळ नसलेल्या सोडायच्या, की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच काम झालं! (शंभरच्या आतले तुमचे भागाकार लागणारच नव्हते, सॉरी.)

६४१ ने भाग जातो हे कॅल्क्युलेटर न घेता पण दिसतं आणि मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी) धरता येते. त्याचा चौथा घात केला की ६२५ × (२ चा २८ वा घात), बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा आहे ना, मग ६२५ च्या जागी −१६ टाका, १६ म्हणजे २ चा ४ था घात, म्हणजे −(२ चा ३२ वा घात) ची बाकी १ आली, म्हणजेच २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, आणि त्यात १ मिळवायचा तो मिळवला की बाकी शून्य. झालं.

प्रश्न: मग ६७००४१७ अजून फुटते का?

उत्तर: नाही, ती मूळच आहे. तोच ६४ चा नियम लावा, वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तपासायला ६४१ धरून फक्त सातच राहतात: ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. एकीनेही भाग जात नाही.

प्रश्न: कॉम्प्युटरमधे ४२९४९६७२९५ सारखी दिसते, तिचा हिच्याशी काही संबंध?

उत्तर: आहे की. ३२ बिटमधे (० किंवा १ च्या ३२ जागांमधे) मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या ती, आणि तिचे अवयव बघा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७, फर्माच्या त्याच पाच. त्यात २ मिळवले की तुमची संख्या. आणि नुसती पट्टी-कंपास घेऊन काढता येणाऱ्या आणि बाजूंची संख्या विषम असलेल्या सुसम (सगळ्या बाजू आणि कोन सारखे) बहुभुजांमधे आजपर्यंत माहीत असलेला सगळ्यात मोठा बरोबर ४२९४९६७२९५ बाजूंचा आहे, अर्थात काढायला कोणी बसणार नाही.