आल्याच्या चहावरून

पोरी,

परवा टिळक रोडच्या अमृततुल्यमध्ये तू जोरात म्हणालीस ना, की 'जिंजर' हा शब्द आपल्या संस्कृतातल्या शृंगवेर (म्हणजे आलं) वरून गेलाय, ते चूक नाही पण अर्धवट आहे, आणि चहावाला बत्त्याने धाडधाड आलं ठेचत होता त्यामुळे तिथे काही बोलायची सोय नव्हती, म्हणून आता लिहितोय.

एकेक पायरी मागे जा, उडी मारू नकोस. जिंजरच्या मागे जुनी फ्रेंच आणि लॅटिन, लॅटिनच्या मागे ग्रीक झिंगिबेरिस, आणि ग्रीकांच्या कानावर पडलं ते पालीतल्या सिंगिवेरसारखं काहीतरी. इथे आलो की वाटतं, पोचलो घरी. शृंग म्हणजे शिंग, आणि आल्याचा तुकडा दिसतोही तसाच फाटे फुटलेला! मीसुद्धा कित्येक वर्षं हेच सांगत फिरायचो, मग एकदा वर्गातला एक तमिळ मुलगा म्हणाला, सर, आमच्याकडे आल्याला इंजी म्हणतात आणि मुळाला वेर. झालं, माझी शिंगं तिथेच गळाली. तमिळमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना च बऱ्याच ठिकाणी पडून गेलाय म्हणून इंजी, पालीत मात्र त्याची खूण स म्हणून टिकली. दक्षिणेकडून संस्कृतात आलेल्या पाहुण्याला कुणीतरी ओळखीचं शृंग चिकटवलं, एवढंच.

म्हणून नुसत्या उच्चारावर जाऊ नकोस. ते 'नेव्हिगेशन म्हणजे नवगती' वालं फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येतं. लॅटिन नाविस (म्हणजे जहाज) आणि आपली नौ या चुलत बहिणी आहेत, एकीने दुसरीकडून उसनं घेतलेलं नाही, आणि उसनवारी वेगळी, नातं वेगळं.

जमलं तर येरवड्याला डेक्कन कॉलेजात जाऊन ये. संस्कृत कोशाचं काम तिथे 1948 पासून चालूय, कोटीभर चिठ्ठ्या आहेत, शब्द कुठल्या ग्रंथात कुठे आलाय ते चिठ्ठीवर. तू पण तशीच वही कर, शब्द, भाषा, सापडलेलं सगळ्यात जुनं साल, आणि साल नसेल तर जागा मोकळी सोड, मनाने भरू नकोस (ही सवय मला फार उशिरा लागली).

आणि हो, आपलं आलं आणि हिंदीतलं अदरक दोन्ही आर्द्रकवरून आलेत, म्हणजे ओलं ते. आता आल्यातला द कुठे गेला आणि ल कुठून आला ते शोधून लिही, शनिवारी बघतो.