वणी ते चंद्रपूर रोज १३० किमी जाणं-येणं, कोणती छोटी एसयूव्ही घ्यावी?

भाऊ, तुम्ही लिहिलं की वणीच्या पलीकडच्या गावातून रोज चंद्रपूरला ड्युटीवर जाता, एका बाजूचे ६५ किमी, बजेट ऑनरोड १३ लाखाच्या आसपास, अन् मन मारुतीची ब्रेझा पेट्रोल, टाटाची नेक्सॉन डिझेल आणि टाटाचीच पंच सीएनजी या तिघांत अडकून राहिलं. वरून पोराला सनरूफ पाहिजे. मी भद्रावती साईडचा, माझंही रोजचं जाणं-येणं कोळशाच्या ट्रकांच्या मधातूनच असते आणि डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्हीच चालवतो, म्हणून लिहून राहिलो.

सरळ सांगतो, डिझेल मॅन्युअल घ्या. नेक्सॉन किंवा महिंद्राची थ्रीएक्सओ, दोन्ही चालवून पाहा, जिच्यात कंबर बरी राहते ती घ्या. आता काहून ते सांगतो.

तुमचे महिन्याचे २५ दिवस धरले तरी ३२५० किमी होतात, म्हणजे वर्षाला ३९ हजार. शहरातला माणूस तीन-चार वर्षांत जेवढी चालवतो तेवढी तुम्ही एका वर्षात चालवणार, त्यामुळे यूट्यूबवाल्यांचे रिव्ह्यू तुमच्या कामाचे नाहीत, ते पुण्याच्या ट्रॅफिकमधल्या माणसासाठी असतात. पेट्रोल १०४ अन् डिझेल ९१ धरा, पेट्रोलला ॲव्हरेज १६ अन् डिझेलला २० धरा (कंपनीचा आकडा नका धरू, एसी चालू ठेवून, ट्रकमागे रांगत जे मिळते ते धरा). पेट्रोल साडेसहा रुपये किमी पडते, डिझेल साडेचार. किमीमागे दोन रुपये म्हणजे वर्षाचे पाऊण लाखाच्या वर. डिझेल मॉडेल लाख-सव्वा लाखानं महाग असते आणि आपल्या महाराष्ट्रात रोड टॅक्सही डिझेलला २ टक्के जास्त, १० लाखापर्यंतच्या गाडीला पेट्रोल ११ तर डिझेल १३, तरी सगळं मिळून दीड-दोन वर्षांत वसूल. ज्याचं रोजचं १५-२० किमी आहे त्याला मी उलटच सांगितलं असतं.

ब्रेझा वाईट नाही, गाडी टिकाऊ आहे, गावोगावचा मेकॅनिक ओळखते तिले. पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं आहे. सप्टेंबर २०२५ ला जीएसटी जास्त कमी झाला तो ४ मीटरच्या आतल्या गाडीला, पण पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत अन् डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. अशा गाड्यांना १८ टक्के, बाकीच्या पेट्रोल-डिझेलवाल्यांना ४०. म्हणजे ब्रेझा लांबीनं छोटी असूनही ४० वाल्यात गेली अन् नेक्सॉन, थ्रीएक्सओ, कियाची सोनेट, ह्युंदाईची व्हेन्यू यांचे दीड लिटरचे डिझेल १८ मध्ये बसले.

दुसरं म्हणजे ओढ. वणी-घुग्घुस रोडवर तुम्ही रोजच पाहता, समोर लोडेड हायवा (मोठा टिपर ट्रक) ३० च्या स्पीडनं, त्याच्या मागं दुसरा, वरून कोळशाचा चुरा उडून राहिला अन् समोरून येणाऱ्या गाडीमधी जागा किती हे धुळीत दिसत नाही. तिथं ओव्हरटेक लवकर संपला पाहिजे, अर्ध्यात अडकला की संपलं. ब्रेझाचा टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद) १३७ न्यूटन मीटरच्या आसपास आणि तोही ४४०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), म्हणजे गिअर खाली टाकून इंजिन किंचाळवावं लागते. नेक्सॉन डिझेलचा २६०, थ्रीएक्सओचा ३००, आणि तो १५०० आरपीएमलाच हाती येते. पाय दाबला की गाडी निघते. हा फरक ब्रोशर वाचून नाही कळत, पावसाळ्यात खड्डे चुकवत दोन ट्रक पार करून पाहा, मग कळते.

डीपीएफची भीती तुम्हालाही कोणीतरी घातलीच असेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या लाईनीत डीपीएफ नावाचं एक फिल्टर असते, त्यात काजळी जमा होते, आणि गाडी एका लयीत चांगल्या स्पीडनं बराच वेळ चालली की ती काजळी आतच जळून जाते. ज्यांची गाडी रोज दोन-चार किमी जाऊन बंद होते त्यांचं फिल्टर चोक होते अन् मग ते लोक डिझेलला शिव्या देत फिरतात. तुमचा सलग ६५ किमीचा रन आहे, तुम्हाले हा त्रास शक्यतो होत नाही. कधी डॅशबोर्डवर या फिल्टरची लाईट लागलीच तर गाडी बंद नका करू, मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं एकसारखी चालवा. अन् दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते म्हणतात तो नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्या इकडे १५ वर्षांची आरसी मिळते. तशीही तुमची गाडी दहा वर्षांत चार लाख किमी होईल, तोवर कायची चिंता.

सीएनजी मी नाही म्हणीन. पंप मोजके, गॅस संपला की लाईन, आणि तुम्हाला एकाआड एक दिवस तरी भरावा लागणार. ड्युटीवरून थकून येताना पाऊण तास लाईनीत कोण उभं राहते? गॅसच्या दराचाही भरवसा नाही, २०२२ ला नागपुरात सीएनजी १२० रुपये किलो झाला होता, विसरले असतील लोक. डिक्कीही सिलेंडर खाऊन टाकते (टाटाचं दोन सिलेंडरवालं त्यातल्या त्यात बरं).

इलेक्ट्रिकचं तुम्ही विचारलं नाही पण विचार करण्यासारखं आहे, खरंच. १३० किमी म्हणजे पंच ईव्हीच्या मोठ्या बॅटरीचा निम्मा भाग, रात्री घरी १५ ॲम्पिअरच्या प्लगवर सहा-सात तासांत भरून निघते, डिझेलच्या निम्म्याहूनही कमी खर्च. अडचण लाईटीची आहे. गावात रात्री व्होल्टेज किती राहते, पावसाळ्यात डीपी उडाली तर किती दिवसांनी येते, अर्थिंग बरोबर आहे का, हे तुम्हीच जाणता. सकाळी बॅटरी अर्धी अन् ड्युटी नऊची, अशी वेळ महिन्यातून दोनदा जरी आली तरी डोक्याला ताप. घरी दुसरी गाडी असेल तर मात्र बिनधास्त घ्या.

आता वॉरंटीचं नीट ऐका कारण इथं तुमच्यासारख्याचं नुकसान होते. "३ वर्ष किंवा १ लाख किमी" असं जे लिहिलं असते त्यात जे आधी संपते ते धरतात, आणि तुमचे लाख किमी अडीच वर्षांतच संपणार. इलेक्ट्रिकच्या बॅटरीलाही बऱ्याच ठिकाणी ८ वर्ष किंवा १ लाख ६० हजार किमी असते, ते तुम्ही चार वर्षांत गाठता. ह्युंदाई अन् किया ३ वर्षांत किमीची मर्यादा ठेवत नाहीत, त्यामुळे सोनेट किंवा व्हेन्यूचं डिझेलही मी यादीतून काढणार नाही, टॉर्क त्यांचाही २५० आहे. वाढीव वॉरंटी घेताना वर्ष नका पाहू, किमी पाहा. सर्व्हिस वर्षाला तीन-चार वेळा येणारच, पण तुमचं बरं आहे की सर्व्हिस सेंटर चंद्रपुरात रस्त्यावरच आहे, सकाळी गाडी टाकून ड्युटीवर जा, संध्याकाळी उचला. बुकिंगच्या आधी त्या सेंटरच्या बाहेर उभ्या असलेल्या दोन-चार गाडीवाल्यांना विचारा की पार्ट यायला किती दिवस लागतात. हे सेल्समन सांगत नाही.

बाकी बारीकसारीक. रंग पांढरा किंवा सिल्वर, मे महिन्यात ४५-४६ मध्ये काळी गाडी दुपारभर ऑफिससमोर उभी राहिली की स्टेअरिंगला हात लागत नाही. सनरूफ पोराला पाहिजे असेल तर त्याला समजवा, त्या पैशात मागचे एसी व्हेंट, चांगले हेडलाईट अन् सहा एअरबॅग येतात का ते पाहा. अंधारात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आडवं येते, उजेड हाच तिथं वाचवते. एअर फिल्टर आणि एसीचं फिल्टर पुस्तकातल्या किमीआधीच बदला, कोळशाची धूळ पुस्तक लिहिणाऱ्यानं पाहिलेली नाही. इन्शुरन्स झिरो डेपच (क्लेममध्ये पार्टच्या जुनेपणाची घट न कापणारा) घ्या, ट्रकची गिट्टी उडून बंपर-हेडलाईट फुटणं आपल्या भागात नवल नाही. स्टेपनी पूर्ण साईजची आहे का तेही खाली वाकून पाहा.

आणि टेस्ट ड्राईव्ह शोरूमच्या पुढच्या गुळगुळीत रोडवर नका घेऊ. सेल्समनला सांगा, पडोलीवरून घुग्घुसपर्यंत चल, एसी फुल, मागं दोन माणसं बसवून. नाही म्हणला तर दुसऱ्या शोरूमला जा.