आपल्या वस्तीत अवयवदान व ऊतीदानाबद्दल (त्वचा, डोळ्याचा पुढचा पडदा अशा ऊतींच्या दानाबद्दल) जागृती कशी करावी?

सभा-भाषणांपेक्षा घरोघरच्या संवादावर भर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण संमतीपत्र भरलेले असले तरी ऐन वेळी डॉक्टर बहुधा नातेवाइकांशीच बोलतात, आणि ज्यांच्या कानावर हा विषय कधी आलेलाच नाही, ते दुःखाच्या त्या घडीला साहजिकच नकार देतात. म्हणून अर्ज वाटताना प्रत्येकाला कळकळीने सांगावे की, आपली इच्छा आजच घरच्यांना बोलून दाखवा.

सर्वांत मोठी शंका मेंदूमृत्यूबद्दल असते, कारण हृदय, यकृत यांसारखे अवयव बहुधा त्या अवस्थेतच घेतले जातात. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होत असते, हाताला ऊब लागते. मग माणूस गेला असे मानायचे तरी कसे? येथे घाई न करता समजावून सांगावे की, कोमातील रुग्णाचा मेंदू जिवंत असतो, तर मेंदूमृत्यूत मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले असते आणि ठरावीक तपासण्या केल्याशिवाय तसे निदान केले जात नाही.

सुरुवात मात्र नेत्रदानापासून करावी. नेत्रपटल (कॉर्निया) म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा; त्याचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९०५ मध्ये झाले, म्हणजे हे शास्त्र नवखे नाही. हृदय थांबल्यानंतरही काही तासांच्या आत नेत्रपटल काढता येते. चष्मा असलेल्यांचे नेत्रपटलही चालते आणि मोतीबिंदूही सहसा आड येत नाही, कारण तो आतल्या भिंगात असतो. डोळ्यांचे दवाखाने आणि चष्म्याची दुकाने या माहितीसाठी उत्तम जागा आहेत, कारण तिथे आलेला माणूस दृष्टीचाच विचार करत असतो.