फाइलीतली वस्तू बघून ये

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. तुझी नेमणूक निर्यात नियंत्रणाच्या कामावर झाली आणि तू रात्री बारा-बारापर्यंत स्कोमेटची, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता न येणाऱ्या वस्तूंची, यादी पाठ करत बसतेस, असं म्हणाली. ऐकून आनंद झाला, थोडी काळजीही वाटली. फोनवर हे सगळं बोलता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

यादी वाचायला हवीच. शून्यापासून आठपर्यंतचे तिचे गट, त्यातल्या शून्य गटाचं काम अणुऊर्जा विभागाकडे, सहाव्या गटातली शस्त्रास्त्रं संरक्षण उत्पादन विभागाकडे, बाकीचा मोठा भाग परकीय व्यापार महासंचालनालयाकडे, हे महिन्याभरात अंगवळणी पडेल. पण ती पाठ करण्यात रात्री घालवू नकोस, कारण ती वरचेवर बदलते. आपण २०१६ साली क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत गेलो, डिसेंबर २०१७ मध्ये शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेत, जानेवारी २०१८ मध्ये रासायनिक-जैविक अस्त्रांचा माल रोखू पाहणाऱ्या देशांच्या ऑस्ट्रेलिया गटात. त्या वाटचालीत आपली यादीही केवढी वाढली! यादी टेबलावर उघडी ठेव, लागेल तेव्हा बघ. डोक्यातली जागा दुसऱ्या गोष्टीसाठी ठेव.

थायोडायग्लायकॉल हे नाव यादीत वाचलं असशील. बॉलपेनच्या शाईत, कापडाच्या छपाईत ते द्रावक म्हणून चालतं. युद्धात वापरल्या जाणाऱ्या मस्टर्ड या विषारी वायूचा कच्चा मालही तोच. फ्रान्स फान आन्राट नावाच्या डच व्यापाऱ्याने १९८०च्या दशकात हे रसायन इराकला शेकडो टन पुरवलं. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्दी गावावर इराकी विमानांनी विषारी वायूचे बॉम्ब टाकले आणि हजारो माणसं गेली. बायका, पोरं, घराच्या उंबऱ्यावर पडलेली म्हातारी माणसं. डिसेंबर २००५ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्या व्यापाऱ्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा सुनावली, पुढे अपिलात ती १७ वर्षांची झाली. मी या कामात आलो तेव्हा हे सगळं वाचून काढलं होतं. माझ्या मनात एकच प्रश्न घर करून राहिला: शेकडो टन द्रावक लागायला किती कापड छापावं लागेल? हे उत्तर यादीत सापडत नाही. त्यासाठी छपाईचा कारखाना माहीत असावा लागतो.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्यापुढे एका लहान कारखानदाराचा अर्ज आला होता. रसायनं शिजवायची काचेचं अस्तर लावलेली टाकी, ज्याला ते लोक ग्लास-लाइन्ड रिअॅक्टर म्हणतात. ऑस्ट्रेलिया गटाच्या यादीत शंभर लिटरहून मोठ्या आणि वीस हजारांहून लहान अशा टाक्या येतात, कारण आम्लाला न जुमानणारं भांडं औषधासाठी लागतं तसंच विषासाठीही. मी ती वस्तू आयुष्यात पाहिलेली नव्हती. त्यामुळे घाबरलो आणि एकामागून एक शंका काढत फाइल तीन महिने फिरवली. घेणारी औषध कंपनी जुनी, नावाजलेली होती. दोन दिवसांत खात्री करता आली असती. तोवर तिने दुसऱ्या देशातून टाकी घेतली. माझ्या शेऱ्यांत एकही चूक काढता आली नसती, आणि तरी त्या माणसाची वर्षाची कमाई मी घालवली होती. पुढे रजा काढून मी त्याच्या कारखान्यात गेलो, अंबरनाथला. त्याने राग न धरता सगळं दाखवलं: पोलादावर काचेची पूड फवारतात, भट्टीत भाजतात, परत फवारतात, आणि शेवटी विजेची ठिणगी फिरवून अस्तराला कुठे सुईएवढं भोक राहिलंय का ते तपासतात. त्या एका दुपारनंतर टाकीच्या अर्जावर काय विचारायचं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

प्रश्न तसे साधेच असतात. टाकी बसवायला आणि नंतर दुरुस्तीला कोण जाणार? घेणारा म्हणतो, माणूस पाठवू नका, आम्ही बघून घेऊ, तर का? माल पोचवायचा पत्ता कारखान्याचा आहे की माल पुढे पाठवणाऱ्या एजंटाचा? एंड-यूज सर्टिफिकेटवर, म्हणजे माल कशासाठी वापरणार याच्या घेणाऱ्याच्या हमीपत्रावर, सही करणारा खरोखर तिथे काम करतो का? शंका आली तर आपल्या वकिलातीला विचारायला सांग, आणि अर्ज तपासणाऱ्या आंतरमंत्रालयीन गटाच्या बैठकीत संरक्षण संशोधनवाला काही बोलला तर नीट ऐक. वस्तू यादीत नसली तरी ती संहारक अस्त्रासाठी जाते आहे हे माहीत असताना पाठवणं संहारक अस्त्रांविषयीच्या २००५च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही विसरू नकोस. नकाशे, आराखडे तर ई-मेलनेही जातात. त्यांना न्हावा शेवाचा कस्टम्सवाला अडवू शकत नाही.

शस्त्रांच्या फाइलींबद्दल वेगळं सांगायला हवं. २०१३-१४ मध्ये आपली संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती, २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली. फिलिपिन्सला ब्राह्मोस गेलं तेव्हा मलाही अभिमान वाटला. पण आकडा असा चढत असला की फाइलीवर "लवकर करा" असे फोन येतात. फोन आला तर नम्रपणे बोल आणि तुझं मत फाइलीवर लिही, तारखेसकट, कारणांसकट. वरच्याला ते फिरवायचा अधिकार आहे, त्याने फिरवावं. तुझं लिहिलेलं मात्र तिथेच राहू दे. विशेषतः ज्या देशात यादवी चालू आहे, तिथे जाणाऱ्या दारूगोळ्यावर लिहिताना हात आखडू नकोस. गोळी कुठल्या गावात फुटेल हे आपण इथे बसूनच ठरवत असतो.

दिवाळीत येशील ना? त्या कारखानदाराचा मुलगा आता काम बघतो, मी त्याच्याशी बोललोय. दोघं मिळून अंबरनाथला जाऊ. भट्टीजवळ फार उकडतं, सुती कपडे घाल आणि पायांत बंद बूट असू देत.

तुझा,
काका