कार्यालयातल्या लग्नात मित्रमंडळी आणि नातेवाइकांना खरोखर सहभागी कसं करून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की 150 माणसं, वैदिक पद्धतीचं लग्न, मुहूर्त सकाळी 11:40 चा. स्टेजवरचे नाच नकोत, पण जवळच्या माणसांचा हात लागलेला दिसायला हवा. मग आधी एक करा: नवीन कार्यक्रम घालू नका. आपल्या विधींमध्ये माणसांसाठी जागा आधीपासूनच आहेत. मामा, करवली, कान पिळणारा भाऊ, ओटी भरणाऱ्या काकू, मंगलाष्टकं म्हणणारी आत्या. आपणच त्या जागा मोकळ्या सोडतो आणि मग ‘घरगुतीपणा’ विकत घ्यायला इव्हेंटवाल्यांकडे जातो.

सर्वांत मोठी जागा मंगलाष्टकांची. ती घरच्यांनी लिहावीत. अवघड वाटतं, पण हिशेब सोपा आहे. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत 19 अक्षरं, 12 व्या अक्षरानंतर थांबा. चाल अशी (‘गा’ म्हणजे गुरू, लांब म्हणायचं अक्षर; ‘ल’ म्हणजे लघु, आखूड अक्षर): गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा. आता गंमत बघा, ‘कुर्यात् सदा मंगलम्’ ही बरोबर शेवटची 7 अक्षरं आहेत. म्हणजे चौथ्या ओळीत तुम्हाला फक्त 12 अक्षरं लिहायची. ‘आजीने शिवली सुरेख दुलई, कुर्यात् सदा मंगलम्’ ही ओळ चालीत म्हणून पाहा, कुठेही अडत नाही. एका कडव्यात तुमची स्वतःची अक्षरं 69 भरतात. तेवढी कोणत्याही मावशीला जमतात.

नावं बसवताना बहुतेकांचं घोडं अडतं. नाव कुठेही कोंबलं की चाल मोडते आणि गाणारा तिथेच अडखळतो. ‘समीर’ (लगाल) सातव्या अक्षरापासून बसतं, ‘अनिकेत’ (ललगाल) चौथ्यापासून, ‘वैष्णवी’ (गालगा) थेट ओळीच्या शेवटी. आधी नावाची जागा पक्की करा, मग बाकीची ओळ तिच्याभोवती रचा. आणि कृपा करून सगळ्या नातेवाइकांची हजेरी घेणारं कडवं नको. एक नाव राहिलंच तर त्याची आठवण पुढची वीस वर्षं काढली जाते. त्यापेक्षा घरातली एखादी वस्तू घ्या, एखादी सवय घ्या, ज्या गावात भेटलात ते गाव घ्या.

पाच कडवी पुरे. एक कडवं गायला पाऊण ते एक मिनिट लागतं, मध्ये गुरुजींचं ‘शुभमंगल सावधान’. पाच-साडेपाच मिनिटं धरा. शेवटचं ‘तदेव लग्नं’ गुरुजी म्हणतात, ते त्यांच्याकडेच राहू द्या, कारण मुहूर्ताचं घड्याळ त्यांच्या हातात असतं. तुमचा मुहूर्त 11:40 चा, तर पहिलं कडवं 11:33 ला सुरू व्हायला हवं आणि मामांनी नवरीला गौरीहरापासून 11:25 ला उठवायला हवं. मामांना हा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या. उशीर झालाच तर कोणतं कडवं गाळायचं तेही आदल्या दिवशी ठरवून ठेवा. आयत्या वेळी गुरुजी हाताला येईल ते गाळतात, आणि ते नेमकं आजीचं निघतं.

कडवी मोठ्या अक्षरात कागदावर छापा. फोनवरून वाचणाऱ्याचा स्क्रीन नेमका तिसऱ्या ओळीला बंद होतो. दोघांना एकत्र गायला लावत असाल तर पट्टी आधी जुळवून घ्या. काकांची आणि भाचीची एक पट्टी सहसा नसते, म्हणून एकेकट्याने गायलेलं चांगलं. माइक स्टँडवर ठेवा. हातातून हातात गेला की दर वेळी कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करतंच. 15 दिवस आधी सगळी कडवी गुरुजींना वाचून दाखवा.

अंतरपाट म्हणून आजीचं नऊवारी वापरायचं मनात असेल तर कल्पना सुरेखच आहे, पण रेशमी साडी चार पदरी दुमडली की पदर एकमेकांवरून घसरतात. साधारण सव्वाआठ मीटर लांबी चारात दुमडली की दोन मीटरचा पडदा होतो. वरच्या कडेला आणि चारही कोपऱ्यांत कच्चे टाके घाला. कुंकवाचं स्वस्तिक थेट साडीवर काढू नका, रेशमातून ते जात नाही. पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर काढा आणि तो तुकडा टाचा. धरणारे दोघे सारख्या उंचीचे हवेत. हात वर करून सहा मिनिटं उभं राहणं वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून तब्येतीने धडधाकट मित्र निवडा. पडदा कुठल्या बाजूला काढायचा हेही आधी बोलून घ्या, नाहीतर दोघे दोन दिशांना ओढतात.

अक्षतांचं काम मुलांना द्या. 150 माणसांना दीड किलो तांदूळ पुष्कळ. किलोला दोन चमचे कुंकू आणि अर्धा चमचा तूप, हाताने चोळायचं. पाणी घालू नका: ओल्या अक्षता कपड्यांवर डाग पाडतात आणि केसांत चिकटतात. वाटप पहिल्या कडव्याच्या आधी संपलं पाहिजे, नंतर ताट घेऊन फिरणारी मुलं प्रत्येक फोटोत येतात.

लाजाहोमात भावाचं काम नवरीच्या तूप लावलेल्या ओंजळीत लाह्या घालायचं. सख्खा भाऊ नसेल तर मामेभाऊ, मावसभाऊ चालतो. मैत्रीण चालेल का, हे गुरुजींना आधी विचारा. अनेक जण हो म्हणतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने पौरोहित्यासाठी स्त्रियाही तयार केल्या आहेत आणि त्यांच्याकडे विधींचा अर्थ मराठीत सांगतात, त्यामुळे अशा बदलांना तिथे वाव जास्त. लाह्या साळीच्या घ्या, पाव किलो पुरतात. होमाजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीचा पदर खोचलेला हवा, हे बघणारी एक व्यक्ती मुद्दाम नेमा.

सप्तपदीला मात्र जरा वेळ द्या. पावलागणिक एक गोष्ट मागितलेली असते: अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातव्याला सख्य. सात जवळच्या माणसांनी एकेका पावलाला मराठीत एक वाक्य बोलायचं. एकच वाक्य. अन्नाचं पाऊल स्वयंपाकात वाकबगार आत्याला द्या, सख्याचं सर्वांत जुन्या मित्राला. बोलणारे तांदळाच्या राशींच्या एकाच बाजूला क्रमाने उभे करा. दोन्ही बाजूंनी उभे राहिले तर पाहुण्यांना नुसत्या पाठी दिसतात.

विशेष विवाह कायद्याखाली (1954) आधी नोंदणी करणार असाल तर 30 दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. मित्रांसाठी ही जागा सर्वांत मानाची. ओळखपत्र मूळ प्रतीसह आणायला सांगा.

आता कोणाला काय देऊ नये. ज्याच्याकडे फोटोंचं काम आहे त्याला विधीतलं काम नको. करवलीकडे शकुनाचा करा (पाण्याचा छोटा कलश) असतो, म्हणजे तिचे हात अडकलेले. दागिन्यांची पिशवी तिच्याकडे नको. एका कामावर दोन नावं लिहिलीत तर ते काम कुणीच करत नाही. आईवडिलांच्या नावावर काहीच ठेवू नका, त्यांचा दिवस नमस्कार घेण्यात आणि ‘जेवलात का’ विचारण्यात जातो.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यादी टाकलीत तर रुसवे ठरलेले. वयाने मोठ्यांना आधी, फोनवर किंवा केळवणाला समोरासमोर विचारा: ‘मावशी, तिसरं कडवं तुम्ही म्हणाल का?’ नाही म्हणायची मोकळीक ठेवा, गुडघे दुखत असतील तर बसून करायचं काम द्या. रुखवताच्या टेबलाशी बसून कुठली वस्तू कुणी केली हे सांगणारी आजी हवीच असते.

पंगत असेल तर मित्रांना एकच पदार्थ वाढायला द्या आणि केटररला आधी कळवा. जिलबी द्या. मठ्ठ्याची बादली पैठणी नेसलेल्या मैत्रिणीच्या हाती चुकूनही नको.